गंजातून आलेले विशेषण

कामठी म्हटले की कुणाला छावणी आठवते, कुणाला विडी कामगार, कुणाला ड्रॅगन पॅलेस. भूशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र एक दगड आठवतो. नागपूरच्या ईशान्येला कन्हान नदीकाठी वसलेल्या या गावाचे नाव गोंडवन खडकांच्या एका मोठ्या थराला मिळालेले आहे. 'कामठी स्तर' हे नाव वर्धा आणि गोदावरीच्या खोऱ्यांत तर चालतेच, पण थेट ओडिशातल्या तालचेरच्या कोळसाक्षेत्रातही चालते. सुमारे २५ ते २६ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या अखेरीस आणि काही ठिकाणी ट्रायासिकच्या सुरुवातीस, नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचे आणि चिखलाचे हे थर आहेत. कामठीच्या आणि सिलेवाड्याच्या परिसरात हा दगड बांधकामासाठी पूर्वीपासून काढला जात असे.

या दगडाचे वर्णन कोणत्याही इंग्रजी पुस्तकात काढून पाहा. जाड कणांचा, लाल-पिवळसर, 'फेरुजिनस' वालुकाश्म आणि त्यात मधूनमधून 'आर्जिलेशस' थर, असे काहीसे वाक्य असते. आर्जिलेशस म्हणजे चिकणमातीचा, हे आपण विद्यार्थ्यांना सांगतो. फेरुजिनस म्हणजे काय? मराठी पुस्तकांत याला 'लोहयुक्त' किंवा 'लोहमय' असे म्हटलेले आढळते. विद्यार्थी ते पाठ करतो आणि त्याच्या मनात पक्के बसते की कामठीच्या दगडात लोखंड भरपूर आहे.

आता कामठीहून नागपुरात या. सीताबर्डीची टेकडी काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची आहे. दख्खनचा काळा कातळ पूर्वेकडे सरकत सरकत नागपुरापाशी संपतो, त्यातला हा एक शेवटचा तुकडा. हे दोन दगड शेजारी ठेवून मुलांना विचारा की जास्त लोखंड कशात? बहुतेक हात लाल दगडाकडे जातील. खरे उत्तर उलट आहे. दख्खनच्या बेसाल्टमध्ये वजनाने साधारण ८ ते १० टक्के लोह असते. लाल-पिवळ्या वालुकाश्मात ते पुष्कळदा दोन-तीन टक्क्यांच्या आत असते. पृथ्वीच्या कवचातले लोहाचे सरासरी प्रमाण ५ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे 'लोहमय' म्हणवला जाणारा दगड सरासरीहूनही गरीब असू शकतो, आणि ज्याच्याकडे लोह खरोखर आहे त्याला हे विशेषण कुणी सहसा लावत नाही.

यात भूशास्त्रज्ञांची चूक आहे असे नाही. मूळ लॅटिन विशेषण काय सांगते आणि आपण भाषांतरात काय ऐकतो, यांत अंतर पडले आहे. ते विशेषण जरा सोलून पाहू.

लोखंडापासून दोन विशेषणे

लॅटिनमध्ये लोखंडाला 'फेरम' म्हणतात. लोहाची 'एफ-ई' ही संज्ञा त्यातूनच आली, हे आठवीचा मुलगाही सांगतो. या शब्दाचे मूळ निश्चित नाही. तो रोमन लोकांनी कुठल्या तरी शेजारी भाषेतून उचलला असावा असे अनेक अभ्यासक मानतात, आणि ते पटण्यासारखे आहे, कारण लोखंड ही माणसाला उशिरा सापडलेली धातू. चांदीचे तसे नाही. लॅटिन 'अर्जेंटम' आणि संस्कृत 'रजत' हे एकाच मुळाचे शब्द आहेत. लॅटिनमध्ये तांबे आणि कांसे यांना 'ऐस' हा शब्द आहे, तो आपल्या 'अयस्'चा सख्खा भाऊ. ज्या धातू एकत्र असताना ठाऊक होत्या त्यांची नावे सारखी राहिली. नंतर आलेल्या लोखंडाला ज्याने त्याने आपापले नाव दिले. संस्कृतात तर जुना 'अयस्' शब्दच पुढे लोखंडासाठी वापरला जाऊ लागला.

(लॅटिन शब्दांचे उच्चार येथे आपल्या वर्गात रूढ आहेत तसे दिले आहेत. रोमन माणूस 'फेर्रुम' आणि 'फेर्रेउस' म्हणत असे. पण 'स्टॅफिलोकॉकस ऑरियस' याला आता 'आउरेउस' म्हणण्याचा आग्रह धरला तर वर्गात हसूच होईल.)

एखाद्या पदार्थाच्या नावाला 'इयस' हा प्रत्यय लावला की लॅटिनमध्ये 'त्या पदार्थाचा' असे विशेषण होते. फेरमपासून 'फेरियस', सोने म्हणजे ऑरम, त्यापासून 'ऑरियस', अर्जेंटमपासून 'अर्जेंटियस', लाकूड म्हणजे लिग्नम, त्यापासून 'लिग्नियस'. मराठीत आपण हे काम बहुधा 'ई'ने करतो, जसे लोखंडी, लाकडी, दगडी, रेशमी. पण एका बाबतीत आपली मराठी लॅटिनपेक्षा काटेकोर आहे. 'सोन्याची साखळी' आणि 'सोनेरी साखळी' यांत आपण गल्लत करत नाही. सराफाच्या दुकानात तर नाहीच नाही. रोमन माणसाला दोन्हींसाठी 'ऑरियस' पुरत असे. म्हणून आपल्या रानातला कोल्हा 'कॅनिस ऑरियस' आहे. तो सोन्याचा नाही, सोनेरी आहे. शेतात माजणारा कुर्डू 'सेलोसिया अर्जेंशिया' आहे, तोही रुपेरी तुऱ्यांमुळे. आणि आपला नागचाफा, ज्याचे नागकेशर औषधात वापरतात, तो 'मेसुआ फेरिया'. लिनियसने १७५३ साली हे नाव दिले. त्या लाकडात लोखंड नाही. ते लोखंडासारखे जड आणि कठीण आहे. रेल्वेच्या रुळांखालच्या पट्ट्यांसाठी ते वापरले गेले यावरून कल्पना यावी.

म्हणजे 'फेरियस'चे दोन अर्थ झाले, 'लोखंडाचा' आणि 'लोखंडासारखा'. पण 'फेरुजिनस' हा शब्द यातून आलेलाच नाही.

मधला 'जिन' कुठून आला

फेरम आणि फेरुजिनस यांच्या मध्ये आणखी एक नाम आहे, 'फेरुगो'. फेरुगो म्हणजे लोखंडावर चढणारा गंज. असेच 'ऐस'पासून 'ऐरुगो', म्हणजे तांब्यावर चढणारी हिरवी कळक. कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यात ताक कळकते ते हिच्यामुळे. गंजाला लॅटिनमध्ये आणखी एक शब्द होता, 'रोबिगो', आणि तो लोखंडावरच्या गंजासाठी आणि गव्हावर पडणाऱ्या रोगासाठीही वापरत. त्या रोगाने पीक जाऊ नये म्हणून रोमन लोक २५ एप्रिलला 'रोबिगालिया' नावाचा विधीही करीत. आपल्याकडे गव्हावरच्या त्याच रोगाला 'तांबेरा' म्हणतात. एकाला लोखंड आठवले, दुसऱ्याला तांबे. दोघांनीही पाहिला तो रंगच.

आता फेरुगोचे विशेषण करायचे तर 'फेरुगियस' व्हायला हवे होते. मग 'न' कुठून आला? संस्कृत शिकवणाऱ्या शिक्षकाला याचे उत्तर लगेच देता येईल. 'राजा' हे प्रथमेचे एकवचन. मूळ शब्द आहे 'राजन्'. प्रथमेत न् गळतो आणि 'राजानम्', 'राजानः' म्हणताना पुन्हा दिसतो. लॅटिनचेही तसेच आहे. प्रथमेत 'फेरुगो', षष्ठीत 'फेरुजिनिस'. खरे अंग 'फेरुजिन' आहे, आणि विशेषणाचा प्रत्यय अंगाला लागतो, प्रथमेच्या रूपाला नाही. म्हणून 'फेरुजिनियस', आणि इंग्रजीत त्याचे 'फेरुजिनस'.

एकदा ही खूण कळली की ती सगळीकडे दिसू लागते. शार्क माशाचा सांगाडा 'कार्टिलॅजिनस' का, 'कार्टिलेजस' का नाही? कारण लॅटिन शब्द 'कार्टिलागो', अंग 'कार्टिलाजिन'. भेंडीचा बुळबुळीतपणा 'म्युसिलॅजिनस', तोही 'म्युसिलागो'पासून. 'ओरिगो'पासून 'ओरिजिनल', 'इमागो'पासून 'इमॅजिनरी'. ही सारी एका वर्गातली नामे आहेत. शब्दांचा हा गठ्ठा मुलांपुढे एकदम ठेवला तर स्पेलिंग पाठ करण्याचे निम्मे काम वाचते, असा माझा अनुभव आहे.

तेव्हा आपल्या विशेषणाच्या जन्माची वाट अशी: लोखंड, त्यापासून गंज, आणि गंजापासून 'गंजाच्या रंगाचा'. लोखंड या शब्दाचा आजोबा आहे, बाप नाही. विशेषण प्रमाण सांगत नाही, रंग सांगते.

आणि तो रंग तरी कोणता? येथे जुने कवी जरा गोंधळात टाकतात. व्हर्जिलने हायसिंथच्या फुलांना हेच विशेषण लावले आहे, आणि मृतांना नदीपार नेणाऱ्या कॅरॉनच्या नावेलाही. तेथे वीटकरी लाल अर्थ घेतला तर चित्र बिघडते. काळपट, जांभळट, धुरकट अशी ती छटा असावी. भट्टीतून काढलेल्या लोखंडावर चढणारी निळी-काळी झाक लोहाराच्या भात्यापाशी उभे राहिलेल्यांनी पाहिली असेल. पुढे निसर्गशास्त्रज्ञांनी या शब्दाला तांबूस-वीटकरी रंगावर पक्के केले आणि आज शास्त्रीय नावांत तोच अर्थ चालतो.

तीन लिंगे, तीन प्राणिमात्र

लॅटिनमध्ये मराठीसारखीच तीन लिंगे आहेत. इंग्रज मुलाला हे डोक्यावरून जाते. आपल्याला 'तांबडा घोडा, तांबडी माती, तांबडे फूल' असे म्हणण्याची जन्मापासून सवय आहे. 'फेरुजिनियस' पुल्लिंगी, 'फेरुजिनिया' स्त्रीलिंगी, 'फेरुजिनियम' नपुंसकलिंगी. (आपली 'लोखंडी' सारखी विशेषणे मात्र बदलत नाहीत. लॅटिनमध्येही न बदलणारी थोडी आहेत, पण ती अपवाद.) अनेकवचन आणि विभक्ती धरून प्रत्येक विशेषणाची बरीच रूपे होतात, पण प्राणी-वनस्पतींच्या नावांसाठी प्रथमेचे एकवचन पुरते.

नामकरणाचा नियम असा की दुसरा शब्द विशेषण असेल तर त्याने पहिल्या शब्दाचे, म्हणजे प्रजातीच्या नावाचे, लिंग घेतले पाहिजे. आपल्या विशेषणाची तिन्ही रूपे तीन ओळखीच्या जीवांवर दिसतात.

नारळाच्या आणि खजुराच्या झाडाचे खोड पोखरणारा तांबूस सोंड्या भुंगा म्हणजे 'रिंकोफोरस फेरुजिनियस'. प्रजातीचे नाव पुल्लिंगी, म्हणून 'यस'. हिवाळ्यात विदर्भातल्या तलावांवर उतरणारा चक्रवाक म्हणजे 'टॅडोर्ना फेरुजिनिया'. पीटर पल्लास याने १७६४ साली त्याला 'ॲनास फेरुजिनिया' म्हटले होते. 'ॲनास' म्हणजे बदक, हा शब्दही स्त्रीलिंगी. पुढे प्रजाती बदलली तरी लिंग तेच राहिले, म्हणून विशेषण जसेच्या तसे राहिले. तिसरे आल्प्स पर्वतातले एक गुलाबी फुलांचे झुडूप, 'ऱ्होडोडेंड्रॉन फेरुजिनियम', आपल्या हिमालयातल्या बुरांसच्या गोतावळ्यातले. त्याच्या पानांची खालची बाजू गंजासारख्या खवल्यांनी भरलेली असते. 'डेंड्रॉन' म्हणजे ग्रीकमध्ये झाड, आणि तो शब्द नपुंसकलिंगी, म्हणून 'यम'.

प्रजातीबरोबर लिंगही बदलले तर काय होते ते दक्षिण आफ्रिकेतल्या रुपेरी पानांच्या एका झाडावरून कळते. लिनियसने त्याला 'प्रोटिया अर्जेंशिया' म्हटले. रॉबर्ट ब्राउनने ते 'ल्युकाडेंड्रॉन' या प्रजातीत नेले. पुन्हा 'डेंड्रॉन' आल्याने नाव झाले 'ल्युकाडेंड्रॉन अर्जेंटियम'. झाड तेच, चांदी तीच, शेपूट मात्र बदलले. पाठ्यपुस्तकात एकाच वनस्पतीची दोन शेपटांची नावे दिसली की मुद्रणदोष समजून खोडण्यापूर्वी पहिला शब्द बदलला आहे का, ते पाहावे.

एक अडचण मुले नक्की काढतात. पिंपळ 'फायकस रिलिजिओसा' कसा? 'फायकस'च्या शेवटी 'अस' आहे, मग 'रिलिजिओसस' का नाही? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की रोमन लोकांच्या लेखी झाडे स्त्रीलिंगी होती, शब्दाचा शेवट काहीही असो. मराठीत वड, पिंपळ, आंबा पुल्लिंगी आणि चिंच, बोर, बाभूळ स्त्रीलिंगी. का, असे विचारून पाहा. त्याहून सोपे उत्तर आपल्यालाही देता येणार नाही.

माणसाच्या नावावरून केलेली नावे या नियमातून सुटतात, आणि त्याचे उत्तम उदाहरण नागपूरचेच आहे. १८४५ साली नागपुरात आलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांना दगड आणि जीवाश्म गोळा करण्याचा छंद होता. हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचे. ते आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी १८५५ साली नागपूरच्या परिसरातील खडकांवर लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी पाठवलेल्या पानांच्या ठशांचा अभ्यास चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये केला. त्यातल्या एका लांबट पानाला त्यांनी हिस्लॉप यांचे नाव दिले. ती वनस्पती आज 'नोएगेरॅथिऑप्सिस हिस्लॉपाय' म्हणून ओळखली जाते. यातले 'हिस्लॉपाय' हे विशेषण नाही. ती नामाची षष्ठी आहे, 'हिस्लॉपची' या अर्थाची. म्हणून प्रजातीचे लिंग कोणते याच्याशी त्याला कर्तव्य नाही. शेजारच्या 'ग्लॉसोप्टेरिस इंडिका'मधले 'इंडिका' मात्र विशेषण आहे. 'प्टेरिस' हा ग्रीक शब्द स्त्रीलिंगी, म्हणून 'इंडिकस' नाही. ग्लॉसोप्टेरिस म्हणजे जिभेसारखे नेचे. नेचे नव्हते ते, बिया असलेली झाडे होती, हे पुढे कळले. पण नाव एकदा पडले की पडले.

हिस्लॉप यांचा अंत १८६३ साली झाला, टाकळघाटहून परतताना नदीच्या पुरात बुडून. वय अवघे ४५ वर्षांचे होते.

प्रत्यय बदलला की नाते बदलते

'इयस'खेरीज पदार्थाशी नाते सांगणारे आणखी प्रत्यय लॅटिनमध्ये आहेत. सगळे सांगत बसत नाही, वर्गात लागणारे तेवढे पाहू.

'एशियस' म्हणजे त्या जातीचा, त्या वळणाचा. अर्जिला म्हणजे चिकणमाती, त्यापासून आर्जिलेशस. क्रेटा म्हणजे खडू, त्यापासून क्रिटेशियस. खडूचे जाड थर ज्या काळात साठले तो काळ. या प्रत्ययाचे स्त्रीलिंगी अनेकवचन 'एसी' होते, आणि तो तुमच्या रोजच्या ओळखीचा आहे: माल्व्हेसी, सोलॅनेसी, पोएसी. 'वनस्पती' हा लॅटिन शब्द तेथे अध्याहृत आहे, तो स्त्रीलिंगी अनेकवचनी, म्हणून कुळांची नावे स्त्रीलिंगी अनेकवचनी. खेकडा-झिंग्यांचे 'क्रस्टेशिया' हे त्याच विशेषणाचे नपुंसकलिंगी अनेकवचन, कारण तेथे 'प्राणी' हा शब्द अध्याहृत आहे.

'ओसस' म्हणजे भरलेला. वर आलेल्या ऐरुगोपासून 'ऐरुजिनोसा', कळकेने भरलेली. 'स्यूडोमोनास ऐरुजिनोसा' या जंतूमुळे जखमेतला पू हिरवा-निळा होतो, त्यावरून हे नाव.

'फेर' म्हणजे वाहणारा, धारण करणारा. कार्बो म्हणजे कोळसा, त्यापासून 'कार्बोनिफेरस', कोळसा पोटात असलेला. येथे कामठीच्या विद्यार्थ्याने सावध राहावे. कार्बोनिफेरस हे कालखंडाचे नाव १८२२ साली इंग्लंडमधल्या दगडी कोळशावरून पडले. कामठी, सिलेवाडा, गोंडेगाव या भागातल्या खाणींतून निघणारा कोळसा 'कोळसाधारी' या अर्थाने कार्बोनिफेरस खडकांतला आहे, पण त्या काळातला नाही. तो पर्मियन आहे. विशेषण आणि विशेषनाम यांतला हा फरक परीक्षेत अनेकांचे गुण खातो.

वरचा लाल, खालचा राखाडी

हा कोळसा कामठी स्तरांत नसतो. तो त्यांच्या खालच्या, जुन्या 'बराकर' थरांत असतो. खाणीत खाली जाताना वरचे लाल-पिवळे खडक संपून राखाडी, पांढरट खडक लागले की कोळसा जवळ आल्याची आशा धरता येते. दोन्ही खडकांत लोह आहे. मग एक लाल आणि दुसरा राखाडी का?

याचे उत्तरही दोन लॅटिन प्रत्ययांतच ठेवलेले आहे. १७८७ साली पॅरिसमध्ये लव्हॉझिए आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी रसायनांच्या नावांची नवी पद्धत मांडली. आम्लात ऑक्सिजन कमी असेल तर लॅटिन 'ओसस'वरून आलेला प्रत्यय आणि जास्त असेल तर 'इकस'वरून आलेला, अशी ती योजना: सल्फ्युरस आणि सल्फ्युरिक. पुढे तीच जोडी धातूंच्या संयुगांना लागली. 'फेरस' म्हणजे दोन इलेक्ट्रॉन गमावलेले लोह, 'फेरिक' म्हणजे तीन गमावलेले. गंज फेरिक असतो. हेमॅटाइट आणि गेरूही फेरिक.

बराकर काळात दलदली होत्या, झाडपाला पाण्याखाली कुजत होता, ऑक्सिजन त्यातच संपत होता. अशा ठिकाणी लोह फेरस अवस्थेत राहते, कार्बोनेटच्या किंवा पायराइटच्या रूपात, आणि खडक राखाडी दिसतो. कामठी काळात पाण्याचा निचरा चांगला होता, वाळूला हवा मिळत होती, आणि प्रत्येक कणाभोवती फेरिक ऑक्साइडचा पातळ पापुद्रा चढला. अर्थात आज दिसणारी सारी लाली २५ कोटी वर्षांपूर्वीचीच आहे असे समजू नये. नंतर झिरपलेल्या पाण्यानेही लोह वाहून आणले, आणि काही पट्ट्यांत ते इतके साचले की कडक, जड, खरोखरच 'लोहयुक्त' म्हणावेत असे थर झाले. पण एरवी रंग हा त्या पापुद्र्याचा असतो. गच्चीला चुना देताना चिमूटभर रंग किती पुरतो हे आठवावे.

हे वर्गात दाखवता येते. लाल वालुकाश्माचा सुपारीएवढा तुकडा फोडून भुगा करा, वाळवून वजन करा, परीक्षानळीत विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून सावकाश कोमट करा. हे काम शिक्षकांनी स्वतः, उघड्या खिडकीपाशी करावे. आम्ल पिवळे होते आणि तळाशी पांढरट वाळू उरते. पिवळ्या द्रवाच्या दोन थेंबांत पोटॅशियम फेरोसायनाइडचा एक थेंब टाकला की गडद निळा रंग येतो. ती फेरिक लोहाची खूण. वाळू धुऊन, वाळवून पुन्हा तोला. वजन किती थोडे घटते ते पाहून मुले चकित होतात. (दगडात चुना असेल तर आम्ल फसफसेल आणि वजनाची घट फसवी ठरेल, तेव्हा तसा तुकडा घेऊ नये.)

त्याच्याच जोडीला पिवळ्या थरातली माती लोखंडी पळीत घेऊन चांगली तापवा. तीनशे अंश सेल्सिअसच्या आसपास तिच्यातल्या लोहाच्या संयुगाला चिकटलेले पाणी निघून जाते आणि माती लाल होते. कुंभार हेच करतो. त्याने भट्टी झाकून धुरात ठेवली तर मडके काळे निघते, कारण तेथे फेरिकचे लोह पुन्हा फेरसकडे जाते आणि धुराचा कार्बनही बसतो.

मग फेरुजिनसला मराठीत म्हणायचे काय? प्रमाण खरोखर मोजलेले असेल तेथे 'लोहयुक्त' ठीक आहे. नुसता रंग सांगायचा असेल तर मला 'गेरवा' हा शब्द आवडतो. गेरू हा फेरिक ऑक्साइडचाच, आणि शब्द संस्कृत 'गैरिक'वरून, म्हणजे गिरीवरून, डोंगरातून आलेला. खेड्यातल्या कोणत्याही मुलीला भिंतीला गेरू लावल्यावर रंग कसा होतो ते ठाऊक असते. 'लोहमय' मात्र कामठीच्या दगडाला लावू नये. मृण्मय भांडे मातीचे असते, हिरण्मय मूर्ती सोन्याची असते. 'मय' लावला की पदार्थच तो, असे आपल्या कानाला वाटते.

सीताबर्डीसारखा काळा दगड आम्लात असा सहज लोह सोडत नाही, कारण त्याचे लोह सिलिकेट खनिजांच्या जाळ्यात आणि मॅग्नेटाइटच्या बारीक कणांत अडकलेले असते. त्यासाठी वेगळी युक्ती करावी. शेताच्या बांधावर वर्षानुवर्षे पडलेला बेसाल्टचा गोटा आणून हातोडीने दोन तुकडे करा. आत काळाभोर दगड दिसेल, आणि कडेने बोटाच्या पेराहूनही कमी जाडीची तपकिरी-तांबूस साल. तेथे हवेने आणि पावसाने लोह बाहेर काढून फेरिक केले आहे. लोह दोन्हीकडे आहे, पण फेरुजिनस हे विशेषण त्या दगडाच्या सालीलाच लागते.